बागेतला गाण्याचा स्टेज पाडून ओपन जिम करायचं चाललंय, काय करावं?

तालीमकट्टा

मंडळी, जरा मोठं लिहायलोय, च्या घेऊन बसा. कोल्हापुरात आमच्या कॉलनीत एक बाग हाय. नाव मुद्दाम घालत न्हाई, घातलं की मूळ विषय ऱ्हातो बाजूला आणि कुठला गट कुणाचा ह्यावरच चाळीस रिप्लाय पडतात. तर ह्या बागेच्या मधोमध एक सिमेंटचा स्टेज हाय, कमरेएवढा उंच, आठ कोनी, वर पत्र्याचं छप्पर, एका बाजूला चार पायऱ्या त्यातली एक फुटलीय. चारी बाजूनी मोकळा, भिंत कुठंच न्हाई. वडील सांगतात की पूर्वी ह्यावर भजन व्हायचं, शाहीर यायचे, एकदा तर बँड पण वाजलाय. मी स्वतः चौथीत असताना पंधरा ऑगस्टला त्याच्यावर भाषण करताना मधेच विसरून खाली उतरलोय, त्यामुळं माझ्या आठवणी काय एवढ्या गोड न्हाईत.

आता परिस्थिती अशी की सकाळी त्याच्यावर गोधड्या वाळत असतात, दुपारी रमीचा डाव, संध्याकाळी पोरं रील काढतात आणि रात्री काय चालतंय ते सकाळच्या बाटल्या बघून कळतंय. त्यामुळं कॉलनीच्या मीटिंगला विषय निघाला की स्टेज पाडायचा आणि तिथं ओपन जिम बसवायची. मी म्हटलं राहू दे की, आठवड्याला एखादा गाण्याचा कार्यक्रम करू, तर एक काका म्हणाले "ऐकायला कोण येणार, सगळ्यांच्या हातात मोबाईल हाय" आणि दुसरे म्हणाले "मागं भिंतच न्हाई तर बॅनर कुठं लावणार?" दोन्हीला मला उत्तर सुचलं न्हाई, आणि घरी आल्यावर सुचलं तोपर्यंत मीटिंग संपलेली.

तसं बघितलं तर कलापूर म्हणून आपण छाती फुगवतो. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ पासनं हाय, गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, सगळं बरोबर. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासनं मला हे डोक्यात बसलंय की मोठ्या कलाकाराला कुठला तरी हॉल मिळंल, पण आमच्या गल्लीतल्या बासरी शिकणाऱ्या पोरानं उभं कुठं ऱ्हायचं? तर विचारायचं हे, की असल्या उघड्या स्टेजवर काय चालतंय, कोण येतं, आवाजाची भानगड कशी करायची, आणि मुळात वाचवण्यात अर्थ हाय का. जिमला माझा विरोध न्हाई हे आधीच सांगतो, न्हाईतर पोटाकडं बघून बोलणारे येतील.

मिसळ_जादा_कट

दोन्ही ठेवा की भावा. वर हलगी आणि खाली जोर-बैठका, नाद खुळा. तालमीत अजून काय असतंय?

क्लॅरिनेटवाला

पोरा, तुझ्या वयाचा माझा नातू आसंल. मी बँडमधी बत्तीस वर्सं काढली, लगीनसराईत दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असायच्या, एकीकडची वरात सोडून दुसरीकडं पळायचं, जेवान टेम्पोत. मग डॉल्बी आला आन् बँड ऱ्हायला फोटोपुरता. ते रडगाणं न्हाई गात, तुला कामाचं सांगतो.

२०१९ च्या महापुरात आमची प्रॅक्टिसची खोली बुडाली, पंचगंगा वाढली की आमच्या गल्लीत पाणी पयलं येतंय. बास ड्रमचं कातडं गेलं, युफोनियम उपडा केला तर गाळ पडला पाटीभर, व्हॉल्व सगळं जाम. खोली वाळंस्तवर प्रॅक्टिस कुठं करायची म्हणून जवळच्या बागेतल्या कट्ट्यावर बसाय लागलो, संध्याकाळी सहा ते साडेसात. पयल्या दिवशी चार पोरं आली, माकडचाळं करत. तिसऱ्या दिवशी शेंगावाला आला. आठवड्यानं बायका दळण घेऊन जाता जाता थांबाय लागल्या, डबा कडंला ठेवायच्या आन् दोन गाणी ऐकून जायच्या. एक आजी रोज यायची आन् रोज एकच गाणं मागायची, जुनं भावगीत. आमाला त्येचा अंतरा धड येत नव्हता, तिनं सोताच गुणगुणून दावला आन् मी तिथंच उभ्या उभ्या बसवला.

पैसं कुणी दिलं न्हाई, आमी मागितलं बी न्हाई. पर तुला एक सांगतो, लग्नात वाजवताना आमच्याकडं कुणी बघत नसतंय, नवरदेवाकडं बघत्यात. हितं लोकं तोंडाकडं बघून ऐकत व्हती. बत्तीस वर्सं वाजवलेलं गाणं, आन् मला घाम फुटला.

दोन म्हयन्यानी खोली वाळली, आमी परत आत गेलो, झालं बंद. ती आजी नंतर एकदा मंडईत भेटली तवा म्हनली, "बुधवारी आलतो मी, तुमी न्हवता." मला काय बोलावं कळंना. म्हणून म्हणतो, कार्यक्रम मोठा करू नका, वार ठरवा आन् त्यो मोडू नका. चार माणसं आली तरी वाजवायचं. आन् दिवाळी ते होळी हाच टाईम धरा, पावसाळ्यात हितं कातडं उतरतंय, हलगी दर दहा मिन्टाला पेपर पेटवून शेकाय लागत्या, आन् एप्रिल-मे मधी वळीव कवा येऊन भिजवंल नेम न्हाई.

तालीमकट्टा

मामा, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. तुमची पार्टी अजून हाय का?

क्लॅरिनेटवाला

सात जण ऱ्हायलोय. दोघांस्नी दिसत न्हाई नीट, पर वाजवाय डोळं लागत न्हाईत.

खिडकीसमोरची

सगळे भावुक व्हायच्या आधी माझं पण ऐका. मी अशाच एका बागेसमोर राहते, पहिला मजला, खिडकी उघडली की स्टेज. मागच्या वर्षी तिथं "संगीत संध्या" म्हणून काहीतरी होतं, सहाला सुरू होणार होतं ते पाहुणे आले नाहीत म्हणून साडेआठला सुरू झालं, तासभर सत्कार, शाल, श्रीफळ, मग गाणी, आणि स्पीकर एवढे की आमच्या कपाटातल्या बरण्या वाजत होत्या. पोराची दुसऱ्या दिवशी परीक्षा, सासूबाईंना बीपीची गोळी देऊन सुद्धा झोप नाही. फोन केला तर सगळीकडून एकच उत्तर, परवानगी आहे. दहाला बंद करायचा नियम आहे ना, दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटचं गाणं आणि त्यानंतर आभारप्रदर्शन!

नियम मी तेव्हाच वाचून काढले. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की टाऊन हॉलच्या बागेत गाणी करू, तर समोर सीपीआर हॉस्पिटल आहे हे आधी लक्षात घ्या. तिथल्या वटवाघळांना तरी कुणी विचारलंय का ते सोडा.

पण खरं सांगू का, त्याच स्टेजवर एक मुलगा अधूनमधून बासरी घेऊन बसतो, बहुतेक घरी अभ्यास कर म्हणून ओरडतात म्हणून बाहेर येत असेल. चुकतो, थांबतो, परत तेच चार सूर. त्याच्यासाठी मी खिडकी एकदाही बंद केलेली नाही. तेव्हा माझा विरोध गाण्याला नाही, स्पीकरच्या डब्यांना आहे. बिनमाईकचं असेल, आठच्या आत संपणार असेल आणि कुठल्या वारी ते मला आधी माहीत असेल तर मी स्वतः खाली येऊन बसेन.

फेडरवाला

मी साउंडचं काम करतो, म्हणजे काकूंच्या बरण्या वाजवणाऱ्यांतलाच एक, सॉरी हं. पण आतली गोष्ट सांगतो, उघड्यावर आवाज फार लवकर मरतो. हॉलमध्ये भिंती-छताला आपटून परत येतो, बागेत गेला तो गेला. ढोबळ हिशोब असा की अंतर डबल झालं की ६ डेसिबल कमी. समजा बँड ५ मीटरवर ८५ आहे तर १० मीटरला ७९, २० ला ७३, ४० ला ६७. म्हणून ऑर्गनायझर मागच्या रांगेसाठी वाढवा वाढवा करतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं फुटतं. यावर सोपा उपाय लोकांना जवळ बसवणं हा आहे, पण जवळ बसवलं की गर्दी फोटोत कमी दिसते.

आता तुमचा स्टेज. भिंत नाही ही त्याची चूक नाही, तो बनवलाच तसा. आठ कोनी आणि मधोमध म्हणजे आवाज सगळीकडं सारखा जावा आणि माणसं गोल बसावीत. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, हलगी, ढोल ह्यांना माईक लागतच नाही, छप्पर आवाजाला वर जाऊ देत नाही एवढं बास. गाणाऱ्याचं मात्र अवघड आहे. गळा एका दिशेला जातो, पाठीमागं बसलेल्याला शब्द कळणार नाहीत, आणि वारं असेल तर तंबोरा स्वतःलाच ऐकू येत नाही. भजन ठेवायचं असेल तर एका बाजूला प्लायवूडचे दोन-तीन पडदे बिजागरीनं जोडून उभे करा, झालं की घडी घालून ठेवा. त्यापुढं बसून गायलं तर पंचवीस-तीस लोकांना आरामात पोचतं. पत्र्याला आतून काहीतरी लावा, नुसत्या पत्र्याखाली आवाज टणटण वाजतो आणि पाऊस आला तर विषयच संपला.

आणि संध्याकाळी लोकांना पश्चिमेकडं तोंड करून बसवू नका, डोळ्यावर ऊन येऊन अर्धे उठून जातात. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही, माझेच कार्यक्रम पडून शिकलोय.

मिसळ_जादा_कट

म्हंजे बॅनरला जागा न्हाई म्हणून स्टेज बाद. आता कळलं पाडायची एवढी घाई का हाय ते.

परतलेलं_पाखरू

मी चार वर्षं लंडनला होतो, हल्लीच राजारामपुरीत परत आलोय. तुम्ही सांगताय तो स्टेज म्हणजे सरळसरळ बँडस्टँड आहे. तिकडं बऱ्याच जुन्या पार्कमध्ये असतो. सुरुवात १८६१ च्या सुमाराला साउथ केन्सिंग्टनच्या बागेत झाली, मग कारखान्यांच्या गावांत त्याचं पेवच फुटलं, ग्लासगोच्या फाउंड्र्या कॅटलॉग छापायच्या आणि नगरपालिका त्यातून निवडून ओतीव लोखंडाचे खांब, छप्पर, जाळी सगळं सुटं मागवून बसवायच्या. आठवडाभर गिरणीत राबलेला माणूस रविवारी बायकापोरांना घेऊन फुकट बँड ऐकायला यायचा.

भांडणं तिथंही झाली बरं का. १८५६ साली लंडनच्या बागांत रविवारी लष्करी बँड वाजायला लागले तर चर्चवाले खवळले, देवाच्या दिवशी करमणूक कसली म्हणून, आणि आर्चबिशपनं आक्षेप घेतल्यावर सरकारनं ते बंद केले. पुढं दुसऱ्या महायुद्धात बागांची लोखंडी कुंपणं आणि काही बँडस्टँडसुद्धा भंगारात गेले. उरले त्यांचं तुमच्यासारखंच झालं, पोरं बसायची, बाटल्या पडायच्या. नव्वदच्या दशकापासून तिकडच्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून बरेच दुरुस्त झाले. मी ज्या पार्कजवळ राहायचो तिथं उन्हाळ्यात दर रविवारी हौशी ब्रास बँड यायचा, शाळकरी पोरगी आणि पेन्शनर एकाच बाकावर बसून ट्रॉम्बोन वाजवायचे. मला त्यातलं संगीत फार कळायचं नाही. घरची आठवण यायची म्हणून जाऊन बसायचो, कारण तिथं कुणाशी ओळख नसताना सुद्धा बसता येतं, कॉफी घ्यावी लागत नाही.

लांब जायला नको, पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये बँडस्टँड आहे, बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये आठ कोनी लोखंडी आहे. आपण गोव्याला जातो आणि त्याच्यासमोर सेल्फी काढून येतो, गावातल्यावर गोधड्या वाळवतो.

भवानीमंडप_रिकामटेकडा

लंडनचं कौतुक ऐकलं, पण साहेब, उंचावर बसून गावाला फुकट वाजवून दाखवायचं हे आपल्याला काय गोऱ्यांनी शिकवलं न्हाई. नगारखाना कशाला बांधलाय? सनई-चौघडा वरनं वाजायचा, ऐकणारा खाली आपल्या कामाला चाललेला, तिकीट न्हाई, खुर्ची न्हाई. आणि खासबाग मैदान बघा. शाहू महाराज १९०२ ला विलायतेला गेले तेव्हा रोमचं ते जुनं आखाड्याचं मैदान बघून आले आणि त्यावरनं हे सुचलं असं सांगतात, १९१२ ला बांधून तयार. कुस्तीला हलगी घुमायला लागली की शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या छातीत वाजतीय, ते काय स्पीकरनं? मैदान खोलगट हाय म्हणून.

पण पाखराचं शेवटचं बरोबर हाय. फुकट बसायला मिळणारी जागा कमी व्हायलीय. रंकाळ्यावर पण बसलं की पाच मिनिटात भेळवाला विचारतो काय देऊ. (भेळ घेतोच म्हणा.)

खिडकीसमोरची

जिमवाल्यांचं पण कुणीतरी ऐका हो. आमच्या सासूबाई गुडघ्यासाठी त्या सायकलवर बसतात, त्यांना खरंच फरक पडलाय. स्टेज विरुद्ध जिम असं करू नका, कुंपणाकडेला जागा असते की.

तालीमकट्टा

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

परत मीटिंग झाली. ह्यावेळी मी भाषण न करता नुसती विनंती केली की मला चार रविवार द्या, चारी रविवार कुणी आलं न्हाई तर पहिला घण मीच घालतो. कबूल झाले. आवाजाचं विचारलं तर म्हटलं स्पीकरच न्हाई, सहाला सुरू, साडेसातला बंद. समोरच्या अकरा घरांत स्वतः जाऊन वार आणि वेळ सांगून आलो. काकू, ही तुमची आयडिया, त्याचा एवढा उपयोग झाला की एका घरातनं च्या मिळाला आणि दुसऱ्या घरात तबला शिकणारी मुलगी सापडली. परवानगीसाठी एका ऑफिसात गेलो तर त्यांना स्पीकर नसलेल्या कार्यक्रमाचा अर्जच कळंना, "मग नक्की काय करणार हाय तुमी?" असं तीनदा विचारलं. शेवटी साध्या कागदावर लिहून दिलं आणि पोच घेतली.

पहिला रविवार. रमीवाले उठायला तयार न्हाईत. म्हणाले आम्ही बारा वर्षं हितं बसतोय. मला राग आलता, पण क्लॅरिनेट मामा म्हणाले बसू दे, आमाला जागा किती लागत्या. तर अर्ध्या स्टेजवर बँड आणि अर्ध्यावर पत्ते असं सुरू झालं. सातातले पाच जण आलते, दोघांच्या घरी लग्न. तिसऱ्या गाण्याला रमीवाल्यांतल्या एकानं पानं खाली ठेवली आणि ताल धरला, बाकीचे त्याच्यावर ओरडायलेत की तुझी पाळी हाय. मोजून बावीस माणसं होती, त्यात सहा पोरं आणि एक कुत्रं धरलेला माणूस जो थांबावं का न्हाई ह्या विचारात शेवटपर्यंत उभाच होता.

दुसऱ्या रविवारी महिला मंडळाचं भजन. फेडरवाले दादा स्वतः प्लायवूडचे पडदे घेऊन आले, बिजागऱ्या त्यांच्याच, पैसे घेतले न्हाईत. खरंच फरक पडला, आदल्या दिवशी तालमीला शब्द विरून जात होते ते परवा झाडापर्यंत स्पष्ट आले. फक्त पखवाज जरा जास्त झाला, तर एका मावशीनं गाता गाताच हातानं खूण करून त्याला कमी केलं, मिक्सर लागला न्हाई. मधे लाईट गेली, पण बंद पडायला काय नव्हतंच, मोबाईलच्या टॉर्चवर उरलेले दोन अभंग झाले. एकोणतीस माणसं. बासरीवाला पोरगा पण आलता, पिशवीत बासरी होती, काढली न्हाई. मी पण विचारलं न्हाई.

मीटिंगमधले बॅनरवाले काका लांब बाकावर बसून होते. जाताना म्हणाले "पुढच्या वेळी प्रास्ताविक मी करतो." म्हटलं प्रास्ताविकच न्हाई ओ काका. मग म्हणाले सतरंज्या देतो माझ्याकडच्या. एक दिली, अजून दोन पाहिजेत, कुणाकडं असतील तर मेसेज करा, धुऊन परत देईन.

जिमची मशीनं आता कुंपणाकडेला बसवायची असं चाललंय, अजून नक्की न्हाई. फुटकी पायरी काल आम्ही तिघांनी वाळू-सिमेंट आणून नीट केली, ओली हाय अजून. येत्या रविवारी येणाऱ्यांनी उजव्या अंगानं चढा, आणि मामा, तुमच्या त्या दोघांना हाताला धरून मी चढवतो, तेवढं सहाच्या आधी पोचा.